अर्जात गेलेले शुक्रवार

विद्येला राजाश्रय लाभला की कला अमर होते. मागच्या महिन्यात बशीर अहमदच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी उच्चारलं आणि तिघांनीही पुरावा म्हणून बशीरचंच नाव घेतलं. निजामाच्या काळात सरकारी इमदाद, म्हणजे अनुदान, मंजूर झालेला हिमरू कापडाचा अभ्यासक, असं त्याचं वर्णन झालं. पुराव्याला आदल्याच आठवड्यात मूठमाती दिलेली होती, त्यामुळे त्याच्याकडून हरकत आली नाही. मला घेता आली असती. पण फोटोला घालण्यासाठी माझ्या हातात हार दिला होता. बशीरच्या घरात फोटोला हार घालत नाहीत, हे संयोजकांना कोणी सांगितलं नव्हतं. मी हार घातला आणि खाली बसलो. आयुष्यात इतरांच्या वतीनं मी जी पुष्कळ लाचारी केली, तिच्यात ही एक भर.

बशीर आणि मी एका शाळेतले. तो नवाबपुऱ्यातल्या हिमरू विणणाऱ्यांच्या घरातला, मी दफ्तरात कारकुनी करणाऱ्यांच्या. त्यामुळे आमच्यात एक गमतीची उलटापालट झाली होती. मुसलमान विणकराच्या पोराची उर्दू घरातली, 'हौ' आणि 'नक्को'ची; आणि दरबारी उर्दू, जिच्यात साहेबाच्या नावाआधी साडेतीन ओळी अल्काब, म्हणजे पदव्या नि स्तुती, लिहाव्या लागतात, ती आमच्या ब्राह्मणाच्या घरात चार पिढ्या मुरलेली. बशीर हैदराबादहून एम. ए. होऊन आला, इथल्या कॉलेजात इतिहास शिकवू लागला, तरी सरकारदरबारी काही लिहायचं झालं की त्याची सायकल माझ्या दाराला टेकायची. "दिग्या, तुझ्या आजोबाची भाषा बाहेर काढ," म्हणायचा. मी काढायचो. आजोबांनी त्या भाषेवर दोन मुलींची लग्नं केली होती. मला ती निदान मित्राच्या उपयोगी पडेल असं वाटायचं.

त्याला ज्याचा अभ्यास करायचा होता ती वस्तू त्याच्या चुलत्याच्या मागावर टांगलेली होती. हिमरूची नक्षी कागदावर नसायची, दोऱ्यांच्या जाल्यात बांधलेली असायची. कापडाच्या कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलायचे हे शेकडो गाठींत बांधून ठेवलेलं. गाठी क्रमानं ओढत गेलं की वेल कापडावर उतरत जाते. रहीमचाचांच्या मागावर त्यांच्या उस्तादांनी बांधलेला एक जुना जाला होता, शेवंतीच्या दुहेरी वेलीचा. तशी बांधणी नंतर कोणाला जमली नाही, चाचांनाही नाही. वेरूळच्या एका छतावर रंगाचा जो थोडा पापुद्रा उरलाय, त्यात बशीरला तशीच वेल दिसली होती, आणि त्या दोन वेलींमधला रस्ता त्याला शोधायचा होता. पण आधी जाला कागदावर उतरवायला हवा होता, कारण चाचांची नजर उतरत चालली होती आणि त्या गाठी वाचणारं दुसरं माणूस शहरात नव्हतं. शुक्रवारी कॉलेजला सुट्टी. चाचा बोटांनी गाठी चाचपून सांगायचे, "दो उठे, एक बैठा, तीन उठे..." आणि बशीर आखीव कागदावर एकेक चौकट भरायचा. एका शुक्रवारी बोटभर वेल. वर्षभरात तिसरा हिस्सा झाला असेल. मी कधी कधी नुसता बसायला जायचो. इतकं कंटाळवाणं आणि इतकं स्वच्छ काम मी पुन्हा पाहिलं नाही.

मग अनुदानाची बुद्धी झाली. ही बुद्धी मी दिली, हे इथंच सांगून टाकतो. मी म्हटलं, सहा महिन्यांची रजा आणि थोडी इमदाद मिळाली तर रोज बसता येईल, चाचांचा माग अडकून राहतो त्याचीही भरपाई होईल. आम्ही दारं शोधू लागलो. पुराणवस्तूंच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "कापड? किती जुनं?" बशीर म्हणाला, "पन्नासेक वर्षं." साहेब म्हणाले, "मग थोडं कुजू द्या." उद्योगवाल्यांनी विचारलं, ही नक्षी आता खपते का? खपत नाही म्हटल्यावर फाईल मिटली. विद्यापीठात कला म्हणजे काव्य आणि घराण्यांचा इतिहास. विणकर दोन्हींत बसेना. एक प्रोफेसर मात्र भला निघाला. त्यानं विचारलं, "तुमच्या या वेलीचा कोण्या बादशहाशी संबंध?" बशीर म्हणाला, "बादशहाला शेरवानी लागायची, एवढाच." "तेच लिहा," प्रोफेसर म्हणाला, "तेच आधी लिहा."

म्हणून आम्ही तेच आधी लिहिलं. शेवटी हैदराबादेतली एक कमिटी सापडली, कला आणि हुन्नर यांच्या अभ्यासाला मदत देणारी. तिचे मोतमद, म्हणजे सचिव, मोठे रसिक असल्याची ख्याती होती. रसिक माणसाला अल्काब साडेतीन ओळींत पुरत नाहीत. मी सहा ओळी घातल्या. सहाव्या ओळीत त्यांना कलेच्या आकाशातला सूर्य म्हटलं. बशीरनं वाचून विचारलं, "आणि माझा विषय कुठंय?" मी म्हटलं, "सूर्य मावळल्यावर येतो." तो हसला. मीही हसलो. आज त्या हसण्याची किळस येते. त्या अर्जाला कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची शिफारस हवी होती, सुभेदारांच्या कचेरीची तस्दीक, म्हणजे खरेपणाचा दाखला, हवी होती, आणि तस्दीक करणारा कारकून शुक्रवारी घरी सापडायचा. एका शुक्रवारी त्याच्या मुलाचा अकीका, म्हणजे जावळाचा विधी, होता, एका शुक्रवारी तो करमाडला सासुरवाडीला गेलेला. आम्ही करमाडला गेलो. सासऱ्यानं ताक पाजलं, जावयानं सही पुढच्या आठवड्यावर टाकली. तो सगळा हिवाळा असा गेला. त्या हिवाळ्यात वेल एक चौकटही पुढे सरकली नाही, हे तेव्हा मोजायला कोणाला फुरसत नव्हती. आम्ही वेलीसाठीच तर धावत होतो.

कमिटीची शेवटची अट अशी की अर्जासोबत हुन्नराचा नमुना जोडावा, तीन नग. त्यातच बातमी आली की मोतमदसाहेब वेरूळची लेणी पाहायला येणार आहेत आणि तिथल्या बंगल्यावर अर्ज हातोहात घेतील. मी रहीमचाचांकडे गेलो. बशीर त्या वेळी तस्दीकवाल्याच्या ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, "चाचा, नमुन्यात साहेबांचा खिताब विणून दिला तर?"

चाचा म्हणाले, "पंडतजी, उसके वास्ते नवा जाला बांधावा लागंल. लढाईचे दिवस हैं. पक्कं सूत बाजारात हाय कुठं?"

"बघा काहीतरी. बशीरचं सगळं यावर अडलंय."

"सगळं?"

"सगळं."

चाचांनी मागाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हौ. करते कुछ."

तीन नमुने वेळेवर घरी आले. मखमलीसारखे मऊ, मध्ये खिताबाची अक्षरं, भोवती महिरप. वेरूळच्या बंगल्यावर साहेब लेणी पाहून दमून बसले होते. लेण्यांबद्दल ते एवढंच बोलले की पायऱ्या फार आहेत. कापड मात्र त्यांनी गालाला लावून पाहिलं. "सुभानल्ला," म्हणाले, आणि तिन्ही नग चपराशानं त्यांच्या पेटीत ठेवले. अर्ज टेबलावर राहिला. सहा ओळींतली एकही त्यांनी वाचली नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं नवाबपुऱ्यात गेलो. खूप दिवसांनी गेलो होतो. बशीरनं आखीव कागद काढले, पेन्सिलीला टोक केलं आणि मान वर केली. मागावर खिताबाचा जाला होता. दुसरा नव्हता.

"चाचा, उस्तादांचा जाला?"

"खोलला ना," चाचा म्हणाले. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "लई पक्कं सूत. गाठ गाठ करून सोडवलं, एक धागा तुटू दिला नाय. त्याच्यातच साहेबाचं नाव बांधलं."

"तोच तर लिहायचा होता, चाचा..."

"फिर तुम्हारा कागद मंजूर कैसा होता, मियां? पंडतजी बोलले, सगळं याच्यावरच अडलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "काम संपलं की जाला खोलतातच. आमच्या घरात कोणी जुना जाला ठेवला नाय. इतके दिवस टांगून ठेवला तो तुमच्याच पायी. तुमच्याच पायी खोलला."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. विणकराच्या घरात जाला म्हणजे सूत, आणि काम संपलेलं सूत दुसऱ्या कामाला लागतं. बशीर चाचांवर चिडला नाही. त्यानं त्यांच्या हातात पुन्हा दोरे देऊन पाहिले. पण त्या गाठी चाचांनी कधी बांधल्याच नव्हत्या, फक्त वाचल्या होत्या. चार शुक्रवार बसून ते म्हणाले, "नक्को बेटा. उंगलियों को याद नहीं." त्या दिवशी दोघं बसून चहा प्याले. मी प्यालो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

इमदाद मंजूर झाली. सुस्थितीत असलेल्या प्राचीन जाल्याच्या अभ्यासासाठी, असं पत्रात होतं. बशीरनं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय अर्ज लिहिला. दोन ओळींचा: ती वस्तू आता नाही, इमदाद नको. तो अर्ज परत आला. अल्काब नसल्यामुळे विचारात घेता येत नाही, असा शेरा होता. बशीर तो माझ्याकडे घेऊन आला नाही. मला सुगरानं, त्याच्या मुलीनं, पुढे खूप वर्षांनी दाखवला. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, कमिटी राहिली नाही, मोतमदसाहेब कुठं गेले कळलं नाही, आणि मंजूर झालेली, न घेतलेली, नाकारताही न आलेली ती इमदाद बशीरच्या नावापुढे कायमची चिकटली. शोकसभेपर्यंत.

त्यानंतर तो चांगला मास्तर म्हणून जगला. वेलीवर एक ओळ छापली नाही. पुढे विद्यार्थी अनुदानाचे फॉर्म घेऊन सहीला यायचे तेव्हा तो विचारायचा, "अर्जाला किती दिवस लागतील, आणि विषयाला किती दिवस उरलेत?" पोरांना वाटायचं सर विनोद करतात. तो सही करायचा. आमची मैत्री टिकली; टिकवली ती त्यानं. चाचांच्या मयतीला त्यानं मला आपल्या शेजारी उभं केलं होतं, कोणाला काही न सांगता.

परवा सुगराकडे गेलो होतो. तिनं कपाटातून आखीव कागदांची वही काढून दिली. बशीरची पेन्सिल फार हलकी. उजेडात धरून पाहावं लागतं. वेल पानामागून पान चढत जाते, दोन फांद्या एकमेकींना ओलांडतात, आणि एका पानावर कळी अर्धी होऊन थांबते. मी म्हटलं, "हे विद्यापीठाला द्यायला हवं."

"विचारलं मी, काका," सुगरा म्हणाली. "अर्ज करा म्हणाले."

आता तिला अर्ज कोण लिहून देणार, असा प्रश्न होता. मी पान उलटलं. कळीनंतरच्या चौकटी कोऱ्या होत्या आणि कागद अजून चांगला आहे, म्हणून तिथून पुढे सुगराच्या मुलीचे पाढे सुरू होतात. ती सध्या तेराच्या पाढ्यावर आहे.