पित्तच असेल

वडील गेले त्या दुपारी त्यांच्या छातीत जळत होतं. "पित्त चढलंय, दुसरं काय," म्हणाले. आदल्या दिवशी पाहुण्यांकडे मासवडी आणि झणझणीत रस्सा झाला होता, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. मी लिंबू पिळून त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला. फसफसता पेला त्यांनी एका दमात संपवला, ढेकर दिली, बरं वाटतंय म्हणाले. तासाभरात ते गेले, हार्ट अटॅकने. त्या पेल्याबद्दल आई कधी बोलली नाही आणि मीही नाही.

चार वर्षांनी माझ्या छातीत जळायला लागलं. मी डिंभे धरणाच्या बाजूला शाळेत शिकवते. फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता छातीच्या मधोमध आग उठली, गळ्यापर्यंत आली, तोंडात आंबट पाणी आलं. मुलांना मनात वाचायला सांगून मी टेबल घट्ट धरून उभी राहिले. आता आपली पाळी, एवढंच डोक्यात होतं. एसटीचा नेम नव्हता म्हणून दुधाच्या गाडीत बसून घोडेगावचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत निघालं. अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते, ती सैल पडली की पोटातलं आम्ल वर येतं, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मग विचारलं, "तंबाखू वगैरे?"

"छे!" मी म्हणाले. मला रागच आला. शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ मीच देते.

सांगितलेलं सगळं केलं. उपाशीपोटी चहा सोडला, तिखट कमी केलं, जेवल्यावर आडवं होणं बंद केलं, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. आई म्हणाली, "घसरगुंडी केलीस का काय खाटेची?" सकाळी न चुकता गोळी घेतली. जळजळ तशीच. मग भीतीने पाय पसरले. ईसीजीचा कागद चुकला असेल, नाहीतर पोटात काही भलतंच वाढत असेल. वर्गात मी मुलांचं ऐकण्याऐवजी स्वतःचे ठोके ऐकत बसायचे. घराचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत, ते आईला दोनदा दाखवून ठेवलं.

पुन्हा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीने आत बघू. बीपी घेताना नर्सचं माझ्या हिरड्यांकडे लक्ष गेलं.

"ताई, मिसरी लावता का?"

"हो, दात घासायला."

"आवं, मग ती कशाची असती?"

आई मिसरीसाठी तव्यावर तंबाखू भाजते तेव्हा त्या धुराने मीच खोकते. पण मिसरी म्हणजे दातांची, ती तंबाखूत धरायची असते हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वडील गेल्यावर सुतकाच्या दिवसांत आईने माझ्या तळहातावर पहिली चिमूट ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी आम्ही दोघी मागच्या पायरीवर शेजारी बसायचो, बोट तोंडात, बोलणं काही नाही. थोडी पोटातही जायचीच. त्याने तीच झडप आणखी सैल पडते, असं डॉक्टरांनी चांगलंच झापून सांगितलं.

दुर्बिणीत सूज दिसली, दुसरं काही नाही. मिसरी सोडताना डोकं ठणकायचं, पोरांवर उगाच डाफरायचे. पण जळजळ उतरत गेली. आईने मात्र सोडली नाही. "माजं काय व्हतंय आता?" म्हणायची.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती त्याच पायरीवर छाती चोळत बसली होती. "पित्त चढलंय गं. जरा सोडा कालवून दे."

मी स्वयंपाकघरात गेले. सोड्याची बरणी हाताशी होती. पित्तच असेल, मला कळत होतं. तरी मी बरणीला हात लावला नाही, शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली.

"येडी का काय तू? येवढ्याशा पित्ताला कोन दवाखान्यात जातं?" वाटभर ती करवादत होती आणि मी तिचं मनगट धरून बसले होते. दवाखान्यात तिच्या छातीवर जेल लावलं, वायरी चिकटवल्या, कागद सरकायला लागला तशी मी भिंतीकडे तोंड केलं.

"पित्तच आहे," डॉक्टर म्हणाले.

मला रडू फुटलं. ते बाहेर गेल्यावर आईने पडल्या पडल्या माझा हात ओढला.

"त्यांना सोडा कालवून दे, आसं तवा मीच तुला म्हनले व्हते," ती म्हणाली. "तू आपल्या मनानं न्हाई दिला."

मी ते पार विसरले होते. फडकं घेऊन मी तिच्या छातीवरचं जेल पुसत राहिले.