सासूबाईंच्या नावाची माशी

सासूबाई तिला कित्येक वर्षं ‘माशीवाली’ म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. बाई खरोखरच फळमाश्यांच्या हात धुऊन मागे लागली होती. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांमध्ये त्यांना पोसायचं, बेशुद्ध करून भिंगाखाली न्याहाळायचं आणि कोण कोणाची चुलत, कोण मावस ते ठरवायचं. एवढ्या आस्थेने हिने सासरची नाती कधी लक्षात ठेवली नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं.

मग पंखावर काळा ठिपका असलेली एक माशी सापडली. नवी जात म्हणून तिने ती जाहीर केली आणि घरात शांतता नांदावी म्हणून सासूबाईंचं नाव देऊन टाकलं. युक्ती भलतीच लागू पडली. माशीचा फोटो दिवाणखान्यात सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी लागला, तोही सासऱ्यांपेक्षा मोठा. आल्यागेल्याला तो दाखवला जाई. माशीवालीची ‘सूनबाई’ झाली.

पुढे सगळ्या माश्यांचे जीनोम वाचून वंशवृक्ष नव्याने मांडायचं काम निघालं आणि संगणकाने सासूबाईंना जमिनीवर आणलं. ठिपक्याची माशी वेगळी नव्हतीच. नेहमीच्याच जातीची, नुसती ठिपका मिरवणारी. मोजकी जनुकं निवडली की तिची फांदी झकास वेगळी निघे; सगळी घेतली की ती इतरांत मिसळून जाई. मोजकी घेण्याचा मोह सूनबाईंना झाला, चांगलाच झाला. तसा वृक्ष काढूनही पाहिला, मग लाज वाटून पुसला. एकाच जातीला दोन नावं निघाली की जुनं राहतं आणि नवं रद्द होतं, हा त्या धंद्यातला नियम.

संध्याकाळी तिने सांगून टाकलं. “आई, तुमची माशी निराळी नाही निघाली. नाव जाणार.”

सासूबाईंनी फोटोकडे पाहिलं. “मग कोणातली निघाली?”

“आपल्या ओट्यावर केळ्यांवर बसतात ना, त्यांच्यातली.”

त्या उठून आत गेल्या. उद्यापासून पुन्हा माशीवाली, अशी तिने मनाची तयारी केली.

सकाळी केळ्यांवर माश्या जमल्या होत्या. तिने सवयीने फडकं उगारलं, तर सासूबाईंनी हात धरला.

“मारू नकोस गं. घरच्याच आहेत त्या.”

तिने फडकं खाली ठेवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून हा शब्द तिच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. तिला माश्यांचा हेवा वाटला.