हंसाबाईचं कडू रक्त

नेरजवळच्या तांड्यावर हंसाबाईचा एक दावा सगळ्यांना पाठ होता. "मले मच्छर चावत नाही. माह्यं रक्त कडू हाय." ते खोटंही वाटत नसे. साठीची बाई संध्याकाळी उघड्या हातांनी अंगणात बसायची, पण अंगावर एक लाल ठिपका दिसायचा नाही.

सून रंजिता मात्र खाजवून खाजवून हैराण. दिवस गेल्यापासून तर तिचे पाय फोडांनी भरून गेले होते. ती लवकर मच्छरदाणीत शिरली की हंसाबाई बोलायची, "आमी पोटुशी असताना कापूस येचला. तुले मच्छराचं केवढं कौतुक!" रंजिता मच्छरदाणीची कड गादीखाली खोचायची.

भादव्यात हंसाबाईला थंडी भरून आली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. तिसऱ्या दिवशी रंजितानंच गावातल्या आशा कार्यकर्त्या विमलताईंना बोलावून आणलं. त्यांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मलेरिया हाय, मावशी."

"कसा होईन? मले तं मच्छर चावतच नाही."

"चावते. जनमभर चावून चावून तुमच्या कातडीले सवय झाली, म्हणून फोड येत नाही. रंजिताले खरंच जास्त चावते. पोटुश्या बाईचं अंग गरम, श्वासही जास्त. त्याच्या मागं मच्छर येते. कोणाच्या घामाचा वास त्याले जास्त ओढते. तिचे नखरे नोहोत ते."

हंसाबाई हळूच म्हणाली, "मले चावलेला मच्छर तिले चावला तं?"

"काही दिवसांनी तिलेही होऊ शकते. अन् अशा अवस्थेत ते वाईट."

विमलताईंनी रंजिताचंही रक्त तपासलं. पट्टी वाचून होईपर्यंत हंसाबाईनं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. रंजिताला काही नव्हतं.

चौदा दिवसांच्या गोळ्या हंसाबाईनं एकही न चुकवता घेतल्या. दिवस मावळला की मुलाला, लखीरामला, हाक मारून स्वतःच्या बाजेवरही मच्छरदाणी बांधून घ्यायची. कडू रक्ताचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

एका सकाळी रंजिता ओट्यावर बसून पाय चोळत होती. हंसाबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन शेजारी टेकली.

"लय आग होते का व?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती, सासूनं असं कधी विचारलं नव्हतं. रंजितानं पाय पुढं केला.