सॅगकाका

सॅगकाकांनी कधी कोणाला वजन विचारलं नाही. "विचारलं की माणूस लग्नाआधीचं सांगतो," म्हणायचे. स्वतःही चांगले भारदस्त. मानेसरला मोटारींचे शॉक ॲब्सॉर्बर बनवण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर दर रविवारी ते आमच्या गुरुग्रामच्या मराठी टोळक्याबरोबर अरवलीच्या दगडी वाटांवर माउंटन बाइक घेऊन हजर असत. सॅग म्हणजे आपण बसल्यावर सायकलचा शॉक जेवढा दबतो ते. काकांना दुसरा विषयच नव्हता, म्हणून हे नाव.

मी टोळक्यातली सगळ्यात जाड. प्रत्येक दगडावर माझा मागचा शॉक तळाला जाऊन ठक्क वाजायचा आणि पुढचे हसायचे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साइकिल बिल्कुल ठीक है. थोड़ा वेट कम कर लो." अपमान गिळला आणि सायकल विकायचं ठरवलं. तसं काकांना सांगितलंही.

"खुशाल विक. पण तयार ब्लाउज घट्ट झाला तर तुझी काकू शिंप्याकडे जाते, उपास नाही करत. ये इकडे."

त्यांनी मला हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली पाठपिशवी, सगळं चढवायला लावलं. थालीपिठांचा डबासुद्धा. "हे काय घरी ठेवून चढणार आहेस?" मग कीकराच्या झाडाला धरून मी सायकलवर बसले आणि अलगद उतरले. शॉकच्या दांडीवरचं रबरी कडं कुठवर सरकलं ते काकांनी वाकून पाहिलं.

"पावाहून थोडं जास्त दबायला हवं. तुझा निम्मा दबतोय. ही कुणा सडपातळ माणसाच्या मापाची आहे गं!"

हातपंपाने हवा भरायची, मला बसवायचं, कडं बघायचं, पुन्हा हवा. मग एक लाल बटण फिरवलं. "हवा वाढली की शॉक घोड्यासारखा लाथ मारतो. त्याला सावकाश वर यायला शिकवायचं." टोळकं वैतागलं. "काका, चलो यार, ऊन चढतंय!" काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

उतारावर एक दगडी पायरी होती. तिथे मी नेहमी सायकल हातात घेऊन उतरायची. त्या दिवशी बसूनच उतरले. ठक्क झालं नाही. खाली पोचून मी चक्क रडले, आणि काकांनी शांतपणे माझ्याच डब्यातलं थालीपीठ काढून खायला सुरुवात केली.

सायकल विकली नाही. वजनही घटलं नाही, पण रविवारची सकाळ माझी झाली. मागच्या वर्षी काका-काकू लेकीकडे पुण्याला गेले. त्यांच्याशिवाय पहिले काही रविवार अगदी भकास गेले.

परवा कडाक्याच्या थंडीत मी निघत होते, तेवढ्यात त्यांचा फोन. "दिल्ली गारठली ना? थंडीत शॉकमधली हवा आकसते. आधी पंप मार, मग जा."

"काका, तुम्ही चालवता का तिकडे?"

"गुडघे नाही म्हणतात. तू चालव."

मी पंप काढला.