पुसायचा अधिकार

भूकंपानंतर टिनाच्या शेडमधल्या शाळेत शिकलो आणि पुढं लातुरातल्याच एका क्लासमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. प्रिंटर अडकला तरी मी, पंखा बंद पडला तरी मीच. कंटाळा यायचा हो, लई कंटाळा.

आमच्याकडं मुलं हॉस्टेलला आली की मोबाइल जमा. त्यामुळं क्लासनं दिलेला मेल हाच त्यांचा पत्ता; परीक्षेचे फॉर्मसुद्धा त्याच्यावरच भरलेले. खाती हातानं उघडून उघडून मी वैतागलो, म्हणून एक प्रोग्राम लिहिला. ऑफिसातून यादी आली की तो आपोआप खातं आणि मेलबॉक्स उघडायचा. त्याला मी मोजकेच अधिकार दिले होते. विद्यार्थ्यांच्या फोल्डरांत नवं खातं उघड, बस्स. पुसायचा अधिकार मुद्दामच दिला नव्हता.

पण दर रविवारच्या टेस्टनंतर मार्कांवर बॅच बदलायच्या. प्रत्येक बॅचचा फोल्डर वेगळा, आणि खातं एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवायचं तर जुन्या फोल्डरात पुसायचा अधिकार लागतो. म्हणून दर सोमवारी प्रोग्राम अडायचा आणि मी हातानं खाती हलवत बसायचो. खरा उपाय मला ठाऊक होता: सगळ्यांना एकाच फोल्डरात ठेवायचं आणि बॅच नुसती नोंद म्हणून लिहायची. दोन-तीन दिवसांचं काम. पण तेवढी सवड कोण देतो?

"देऊन टाक की बाबा सगळे अधिकार! कशाला ही दर सोमवारची कटकट?" संचालक म्हणाले.

जीव विटला होता. दिले.

प्रोग्राममध्ये मीच कधीतरी एक ओळ लिहून ठेवली होती: यादीत नाव नसेल तर खातं पुसून टाक. अधिकार नव्हता तोवर ती ओळ बिनकामाची पडून होती. मी तर विसरूनच गेलो होतो.

पुढच्याच सोमवारी ऑफिसनं बिलोलीच्या एका मुलीचं नाव जुन्या बॅचमधून काढलं आणि नव्या बॅचमध्ये टाकायचं राहिलं. प्रोग्रामनं तिचं खातं उडवलं. मंगळवारी दुपारी ती आईला घेऊन माझ्या दारात उभी. आई अंगणवाडीत मदतनीस. प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मात जातीच्या दाखल्याचा नंबर चुकला होता, दुरुस्तीची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत, ओटीपी त्याच मेलवर येणार, आणि मेल उघडेना.

"खातंच न्हाई म्हणतंय सर," आई म्हणाली. "पोरीचं वर्ष जाईल हो."

मी प्रोग्रामची नोंद उघडली, तर माझ्याच त्या ओळीनं खातं पुसलेलं. काय करून बसलो मी! नशीब, पुसलेलं खातं काही दिवस परत आणता येतं. ते आणलं, मेलबॉक्स पुन्हा जोडला, पण जोडणी सुरू व्हायला वेळ लागतो, मेल काही येईनात. ती माय-लेक माझ्या तोंडाकडं बघत बसलेल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना ओटीपी आला आणि फॉर्म गेला.

आईनं पदर डोळ्यांना लावला. "सरांमुळं झालं गं बाई. पाया पड त्यांच्या."

मुलगी वाकली. अगं, उडवलं पण मीच, असं म्हणायला तोंड उघडलं.

"असू दे, असू दे," एवढंच बोललो, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.