लव्हाळ्याचे वैरी

आमच्या शेजारच्या काकांनी लव्हाळ्याचा जेवढा द्वेष केला तेवढा भावकीनेही एकमेकांचा केला नसेल, आणि भावकी काय चीज असते हे मी जवळून पाहिलं आहे. लव्हाळा म्हणजे ते निमुळत्या पात्यांचं गवत, दिसायला अगदी गरीब. पण त्याच्या मुळाशी हरभऱ्याएवढी काळी गाठ असते, आणि नुसतं वरून उपटलं तर आठ दिवसांत एकाच्या जागी चार उभे राहतात. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि पेन्शनीत स्वतःच्या चिमूटभर बागेवर तुटून पडले. पायजम्याला गुडघ्यांवर गोणपाटाची ठिगळं, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी लांब पेचकस. रस्त्यात भेटले तर नमस्कार तुम्हाला आणि नजर तुमच्या पायाखाली. एका लग्नात अक्षता पडत असताना हे मांडवामागे उकिडवे बसलेले सापडले. काढलेल्या गाठी ते आधी गच्चीवर वाळवत, मग बंबात जाळत, आणि त्या पाण्याने आंघोळ करून लढाई मारून आल्यासारखे बाहेर येत. मुलीला पाहायला आलेल्या मुलांनाही पोह्यांआधी खुरपं मिळायचं. एक बँकेतला मुलगा सगळ्यांना पसंत होता, पण त्याने पातं वरून तोडलं. "वरवरचा आहे," काका म्हणाले, आणि विषय संपला. त्यानंतरच्याने मातीत मनगटापर्यंत हात घालून गाठ काढली. त्याचा पगार किती, हे काकांना साखरपुड्यानंतर कळलं.

माझं आणि त्यांचं मात्र पहिल्यापासून वाकडं. मी जुन्या दारं-खिडक्यांचा व्यापारी. नव्वद सालाच्या आसपास पनवेलात जुनी घरं पाडून इमारती उठू लागल्या, तेव्हा हातगाडी घेऊन सुरुवात केली, आणि घासाघीस करत करत स्वतःचं घर उभं केलं. आमच्या दोन घरांमध्ये दोन हात रुंदीची एक पट्टी होती. हद्दीचा दगड असा बसवलेला, की ती त्यांच्याकडे जाई, आणि माझ्या टेंपोला मागच्या अंगणात शिरायला नेमके तेवढेच दोन हात कमी पडत. सगळा माल पुढे रस्त्यालगत. पावसात सागवानी चौकटी भिजून काळ्या पडायच्या आणि गिऱ्हाईक भाव पाडायचं. दगड चुकीच्या जागी आहे, हे मी काकांना पाच वर्षं आवाज चढवून सांगत होतो. ते शांतपणे ऐकत आणि विचारत, "चहा घेणार?"

एका संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो आणि तिळगुळाच्या वाटीवरच भांडलो. काका म्हणाले, "शेठ, पट्टी घ्या. पैसा नको. पाडव्याला तिच्यात लव्हाळ्याचं एक पातं दिसता कामा नये, आणि वांग्याची वीस रोपं जिवंत पाहिजेत." रोपं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, कोरड्या जमिनीत लव्हाळा झोपून राहतो, रोपांना पाणी घातलंत की खरं काय ते कळेल. विसाची मी बारा करून घेतली. फुकट मिळणाऱ्या जागेवर घासाघीस करणारा मी पहिलाच असेन, पण सवय.

दुसऱ्या दिवशी कुदळ मारली आणि कळलं की सौदा वाटला तितका स्वस्त नाही. गाठीला गाठ लागलेली, खाली अख्खी माळ. काका सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्या पायरीवर बसत आणि माझ्याकडे बघत. "काल काढलंत तिथे आज तीन जन्मलेत. बारसं कधी?" दुसऱ्या दिवशी, "बिजागरी ओळखता शेठ, मूळ नाही ओळखत." माझं डोकं फिरायचं. तोंड उघडलं तर सौदा मोडेल, म्हणून तो सगळा राग मी जमिनीत घालत होतो. वीतभर खणायचं तिथे हातभर खणलं. आमची सौ. म्हणाली, दुकानात इतके वाकला असतात तर दुमजली बांधलं असतं.

माघ संपताना अठरा रोपं लावली, सहा राखीव. काकांनीच त्यांच्या वाफ्यातून दिली, मोजून. चौथ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या चाचींच्या कोंबड्यांनी पाच उकरून टाकली. मी तावातावाने चाचींच्या दारात गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोंबडीला काय मालूम, भाईसाब, जमीन कुनाची? तुमा दोघांना तरी कुठं मालूम हाय." मी आलो तसाच परतलो आणि उरलेली रोपं मोजली. तेरा. मग एका सकाळी आणखी एक रोप आडवं, बुंध्याशी कात्रीने कापल्यासारखं. मातीतल्या अळीचं काम. उरली बारा. बरोबर बारा, आणि पाडव्याला तीन आठवडे.

त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. तळ काढलेले डबे प्रत्येक रोपाभोवती मातीत खोचले, म्हणजे अळीला बुंधा सापडायला नको. मग मालातून जाळीच्या चार जुन्या खिडक्या काढल्या आणि रोपांवर तंबूसारख्या तिरप्या उभ्या केल्या. कोंबडीची चोच आत जाईना, आणि फाल्गुनातलं ऊन चाळून उतरू लागलं. संध्याकाळी काका आले, खिडक्यांभोवती दोनदा फिरले. टोमणा आला नाही. फक्त म्हणाले, "अशी एक माझ्या मिरच्यांना केवढ्याला पडेल?" मी सांगितलं, शेजाऱ्याला भाव जास्त.

पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभारून झाल्यावर ते भिंग आणि पेचकस घेऊन पट्टीवर गुडघे टेकून बसले. तासभर रांगले. चार ठिकाणी पेचकस खुपसून माती हुंगली. गल्ली जमली, चाचीही आल्या. शेवटी काका गुडघे झटकत उठले. "एकही नाही. रोपं बारा." मग त्यांनी माझ्याकडूनच पहार मागितली, दगड उपटला आणि दोन हातांवर नवा खड्डा करायला घेतला. तिसऱ्या घावाला पहार खणकन वाजली. माती सारली तर खाली दगड, वर फुलीची खूण. हद्दीचा जुना दगड.

काकांना मुळीच नवल वाटलं नाही. "तो तिथेच आहे," ते म्हणाले. "आता उपटला तो आधीच्या मालकाने नंतर बसवलेला. मी घर घेतलं तेव्हाच मोजलं होतं."

"म्हणजे पट्टी माझीच?"

"तुमचीच. पण लव्हाळाही तुमचाच, आणि तो माझ्याकडे येत होता. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नुसता टेंपो घातला असतात."

"आणि रोज टोचत होतात ते?"

"शांत असलात की वरून उपटता, शेठ. रागावलात की गाठीपर्यंत जाता. पाच वर्षं बघतोय तुम्हाला."

आयुष्यात मला फसवणारे पुष्कळ भेटले. मला दहा आठवडे राबवून माझीच जागा मला देणारा हा एकच. हातात कुदळ होती, तरी हसू आलं. आणि काहीही म्हणा, जिंकलो मीच. पाच वर्षं ओरडून सांगत होतो ते शब्दशः खरं ठरलं होतं, आणि ते मी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. पावसाच्या तोंडावर टेंपो आत गेला. तोवर दोन्ही घरांनी आणि चाचींनी पोटभर वांगी खाल्ली होती. त्या पावसाळ्यात माझी एक चौकट भिजली नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. काकांचे गुडघे गेले. ते पायरीऐवजी खुर्चीत बसतात, आणि त्यांच्या वाफ्यातला लव्हाळा रविवारी मी काढतो. काढताना कान त्यांच्याकडे असतो, जुना टोमणा येतोय का म्हणून. मधूनच एखादं पातं मुद्दाम वरून तोडतो, त्यांना दिसेल असं. ते बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "छान चाललंय, शेठ. दमला असाल. बसा जरा."