बिघाडबाई आणि पांढरी गच्ची

शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांमधली मुलं माझ्या वहिनीला ‘बिघाडबाई’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आतून ती खूश आहे. “तुझ्यापेक्षा बरं,” ती मला म्हणते. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांच्या नावाने ओरडते आणि संध्याकाळी तोच आवाज घेऊन घरी येते. मला घरात काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

वहिनी शिक्षण कार्यालयात आहे. वाढत्या उन्हावर, पाण्यावर, कचऱ्यावर शाळेतल्या मुलांनी स्वतः काही करायचं ठरवलं, तर त्यांना निधी आणि लागेल ती मदत द्यायची, अशी एक योजना तिथे निघाली. निघाली तेव्हा ती कुणालाच नको होती. मोठ्या साहेबांनी धाकट्या साहेबांवर ढकलली, धाकट्यांनी आणखी खाली, आणि वहिनी त्या दिवशी रजेवर होती म्हणून ती तिच्या गळ्यात पडली. सोबत गाडी मिळेल असंही कळवलं होतं. ती गाडी अजून साहेबांच्या घरची भाजी आणते. तेव्हा वहिनीचं सरकारी वाहन म्हणजे मी आणि माझी स्कूटर.

मागे बसून तिने जितक्या शाळा पाहिल्या, तितक्या मीही पाहिल्या. तिची पद्धत ठरलेली. वर्गात गेली की मुलांच्या बाकावर बसायचं, शिक्षकांना गोडीगुलाबीने बाहेर काढायचं, आणि पहिला प्रश्न: “काय बिघडलं, ते आधी सांगा.” एका शाळेने सुंदर बांधलेला अहवाल दिला, रंगीत फोटो, सगळं कसं छान छान. तिने तो परत पाठवला. दुसऱ्या शाळेत सुट्टीत नळ बंद ठेवल्यामुळे लावलेली सगळी रोपं वाळली होती, आणि मुलं रडकुंडीला येऊन ते सांगत होती. त्यांना तिने आणखी रोपं दिली, वर माळीकाकांशी ओळख करून दिली. साहेबांनी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी त्या शाळेत सावली होती.

आणि दुसरा नियम, ज्याच्यावरून माझं आणि तिचं कायम वाजतं: मुलांना उपाय सांगायचा नाही. “मी सांगितलं की तो प्रकल्प माझा झाला,” ती म्हणते. मला तर गप्प बसणं हा आजार वाटतो.

तर टेकडीखालच्या शाळेची गोष्ट. तिथे पहिली-दुसरीची मुलं पत्र्याच्या खोल्यांत बसतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतली एक चिमुरडी वर्गातच चक्कर येऊन पडली, तेव्हापासून ऊन वाढलं की छोट्यांचे वर्ग दुपारी बंद ठेवायचे. म्हणजे छोट्यांचा अभ्यास बुडतो आणि आईबाप कामावर असल्यामुळे ती पोरं रस्त्यावर. नववीतल्या मुलांनी ठरवलं, पत्रे पांढरे रंगवायचे, ऊन परतवून लावायचं. त्यांची पुढारी एक काटकुळी मुलगी होती. तिला सगळे कप्तान म्हणायचे.

निधी देण्याआधी कार्यालयातल्या समितीने पुरावा मागितला. म्हणून मुलांनी आधी आपल्याच वर्गांवर प्रयोग लावला. वरच्या मजल्यावर आठवी-नववीच्या चार खोल्या, वर सिमेंटची गच्ची. अर्धी गच्ची पांढरी केली, अर्धी तशीच ठेवली. खाली तापमापकं टांगली. रंग उशिरा आला, त्यामुळे खरं ऊन सुरू व्हायला आणि मोजायला सुरुवात व्हायला एकच गाठ पडली. समितीची बैठक आठवड्यावर आली होती. या वेळी आकडे दिले नाहीत, तर छोट्यांचा आणखी एक उन्हाळा त्याच पत्र्याखाली जाणार होता.

आम्ही गेलो तेव्हा मुख्याध्यापक फाटकातच उभे होते. गोल, घामेजलेले, भला माणूस. “आधी गच्चीवर चला,” म्हणाले. चेहरा असा, की घरात बाळ जन्मलंय.

वर पाऊल ठेवलं आणि माझे डोळे दिपले. अख्खी गच्ची पांढरीशुभ्र.

“तुम्ही येणार कळलं,” सर म्हणाले, “आणि अर्धवट रंगवलेलं कसं दाखवायचं? रविवारी माणसं लावली. पदरचे पैसे घातले, मॅडम. दोन डबे उरलेतसुद्धा.”

सरकारी शाळेत तपासणी म्हटली की आधी रंगकाम. आयुष्यभर तेच करत आलेला माणूस, त्याला दुसरं सुचणार तरी काय! आमच्या मागून कप्तान वर आली. तिने एकदा या टोकाकडे पाहिलं, एकदा त्या टोकाकडे.

“सर, ते तसंच ठेवायचं होतं,” ती म्हणाली. आवाज इतका लहान, की मलाच कसंतरी झालं. “आता तुलना कशाशी करणार?”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला थोडा वेळ लागला. मग ते पाण्याच्या टाकीला टेकले आणि खालीच बसले.

वर्गात वहिनी नेहमीसारखी बाकावर बसली. काय बिघडलं हे विचारायची सोयच नव्हती. एक मुलगा म्हणाला, “थोडे दिवस मोजलंय ना आपण? उरलेले आकडे अंदाजाने भरू. कुणाला कळतंय?” दुसरी म्हणाली, “मला कळेल.” मग सगळेच एकदम बोलायला लागले. सर दारातून म्हणाले, “मुलांनो, चूक माझी आहे, भरा तुम्ही, मी सही करतो.” कप्तान वहिनीकडे पाहत होती. अख्खा वर्गही वहिनीकडेच पाहत होता.

वहिनी उठली. “तुम्ही ठरवा. आम्ही बाहेर आहोत,” म्हणाली, आणि सरांना घेऊन व्हरांड्यात आली. दार लावून घेतलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अगं, सांग की त्यांना काहीतरी! पोरांच्या तोंडचं पाणी पळालंय!”

“ओरडू नकोस, शाळा आहे.”

“तुला येतं का तरी उत्तर?”

“नाही,” ती म्हणाली. तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहिलं. ओढणीचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती. बिचारी! मला तिचा इतका राग आला होता आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. सर बाजूला भिंतीशी उभे होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे. खालून पत्र्याच्या खोल्यांतून छोट्यांचा पाढ्यांचा आवाज येत होता, सुस्तावलेला.

आतला गोंधळ एकदाचा थांबला. दार उघडून कप्तान बाहेर आली, मागे सगळी फौज.

“आम्ही आकडे भरणार नाही,” ती म्हणाली. “सर, ते दोन डबे आम्हाला द्या. खाली एक खोली रंगवू, शेजारची तशीच ठेवू. पहिल्यापासून मोजू.”

“अगं, पण छोट्यांचं काय?” सर म्हणाले. “अजून महिनाभर त्यांना त्या भट्टीत बसवायचं?”

“छोटे वर येतील. आमच्या चारही खोल्या आता गार आहेत, तुम्हीच केल्यात. खाली आम्ही बसू.”

“तुम्ही? पत्र्याखाली?”

“आम्ही मोठे आहोत ना, सर.”

सर म्हणाले, “आठवीला विचारलंत?”

“विचारतो. ऐकतील.” ती ज्या सुरात म्हणाली, त्यावरून आठवीचं काही खरं नव्हतं.

मग ती वहिनीकडे वळली. “मॅडम, आकडे समितीच्या तारखेला तयार नसतील. चालेल का?”

वहिनीने मान हलवली, हो की नाही ते काही कळलं नाही, आणि जिना उतरू लागली. आम्ही फाटकाशी पोचेपर्यंत नववीची मुलं छोट्यांना हाताला धरून वर नेत होती. एका पिटुकल्याने आपली सतरंजी कुणाला उचलू दिली नाही. ती तो स्वतःच फरफटत नेत होता.

चौकात माझ्या पाठीला ओलं लागलं. मी स्कूटर बाजूला घेतली.

“इतकी वर्षं मला वाटायचं, मी मुलांना मदत करते,” ती नाक पुसत म्हणाली. “माझ्या हातात निधी होता गं, आणि त्यांनी सरळ आपल्या खोल्या देऊन टाकल्या.”

मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “रड नंतर. स्वतःला मोठे म्हणवतात, पण चौदा वर्षांची पोरं आहेत ती. आता त्या पत्र्याखाली कोण बसलंय?”

वहिनीने डोळे पुसले, मागे नीट सावरून बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“घरी नको,” म्हणाली. “ऑफिसला घे. निधी आजच मागायचा, साहेब निघायच्या आत.”